मुलांचा तयार ‘आर्मी ड्रेस’: घेतलात तर आधी काय उसवायचं

२६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट जवळ आले की ड्रेसवाल्यांकडे आणि ऑनलाइन एकच संच सगळीकडे दिसतो. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा शर्ट-पँट, बेरे टोपी, पट्टा, खांद्याची दोरी, चार-पाच बिल्ले, छातीवरच्या रंगीत पट्ट्या आणि प्लॅस्टिकची बंदूक. साधारण ५०० ते १००० रुपयांत सगळं येतं, भाड्याने घेतलं तर त्याहून स्वस्त. शिवण दोन-तीन वेळा घालण्यापुरती बरी असते. कमरेला इलास्टिक असल्यामुळे माप फारसं चुकत नाही. कापड मात्र सिंथेटिक, घाम न शोषणारं. ऑगस्टच्या दमट हवेत तासभर मैदानात उभं राहणाऱ्या पोराला आतून सुती बनियन घालाच.

खरी तक्रार कापडाची नाही. हा संच फौजेकडे बघून शिवलेलाच नसतो, सिनेमाच्या पोस्टरकडे बघून शिवलेला असतो.

टोपीपासून सुरुवात करू. बहुतेक संचांत बेरे मरून रंगाची असते, कारण पडद्यावरचा नायक कमांडो असतो. मरून बेरे पॅराशूट रेजिमेंटची. रणगाडेवाल्यांची काळी, मिलिटरी पोलिसांची लाल. आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीची गडद हिरवी, तिच्यावर हिरवा-लाल तुरा. संचातली टोपी पातळ असते आणि डोक्यावर पुरीसारखी फुगते. त्यापेक्षा लोकरीची बेरे वेगळी घ्या. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बुडवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि ओलसर असतानाच मुलाच्या डोक्यावर बसवा. कडेची पट्टी भुवईच्या वर दोन बोटं, सरळ आडवी. बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर. उरलेलं कापड उजव्या कानाकडे ओढून चपटं करा आणि त्याच आकारात सावलीत वाळवा. बिल्ल्यामागे आतून पुठ्ठ्याचा तुकडा लावला की पुढचा भाग ताठ राहतो.

आता बिल्ले. एकाच शर्टावर खांद्याला तीन तारे आणि बाहीवर ‘व्ही’ आकाराच्या तीन फिती, हे जवळपास प्रत्येक संचात असतं. तीन तारे म्हणजे कॅप्टन, तीन फिती म्हणजे हवालदार. एक माणूस दोन्ही असू शकत नाही. एक जोडी उसवा. आमचं मत विचाराल तर तारे काढा आणि फिती ठेवा. सिनेमात बोलतो तो अधिकारी, आणि जवान त्याच्या मागे पळताना दिसतो. सुभेदार तर सहसा विनोदाला किंवा मरायला असतो. प्रत्यक्षात प्लाटून, म्हणजे जवानांची तुकडी, चालते ती नायक, हवालदार, सुभेदार यांच्यावर. साताऱ्याजवळच्या ‘अपशिंगे मिलिटरी’ या गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. अशा गावांतल्या शाळांत झेंडावंदनाला निवृत्त हवालदार, सुभेदार समोरच बसलेले असतात. त्यांच्या नजरेतून ही चूक सुटत नाही.

खंजीर आणि पंखांचा ‘बलिदान’ बिल्ला असेल तर तो आधी काढा. तो फक्त पॅरा स्पेशल फोर्सेसचा, आणि तो कठोर निवडीतून कमवावा लागतो. २०१९च्या विश्वचषकात धोनीच्या ग्लोव्हजवर तो दिसला, आयसीसीने काढायला लावला, आणि तेव्हापासून टी-शर्टपासून मोबाइल कव्हरपर्यंत तो सगळीकडे दिसू लागला. मुलाच्या टोपीवर त्याचं काम नाही.

छातीवरच्या रिबनच्या पट्ट्या डाव्या खिशाच्या वर, नावाची पट्टी उजव्या खिशाच्या वर. संचात बऱ्याचदा उलट चिकटवलेलं असतं. उजवीकडे पदकं लावतात ती हुतात्म्याच्या घरची माणसं, म्हणून ही चूक किरकोळ समजू नका. पट्ट्यांचे रंगही कसेही जोडलेले असतात. निव्वळ जांभळी पट्टी परमवीर चक्राची, आणि ते आजवर फक्त २१ जणांना मिळालंय. ती दिसली तर सरळ कापून टाका.

ठिपक्यांच्या कापडाबद्दल जरा सावध राहा. लष्कराचा सध्याचा डिजिटल नक्षीचा लढाऊ गणवेश १५ जानेवारी २०२२च्या सेनादिन संचलनात पहिल्यांदा दिसला. निफ्ट या फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या मदतीने तयार केलेल्या या नक्षीची लष्कराने नोंदणी केली आहे, त्यामुळे तिची नक्कल विकणं बेकायदा आहे. २०१६ साली पठाणकोटच्या हल्ल्यानंतर तर लष्कराने लोकांना लष्करी धाटणीचे कपडे न घालण्याचं आणि दुकानदारांना ते न विकण्याचं आवाहनच केलं होतं. सैनिक असल्याचं भासवायला गणवेश घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. स्नेहसंमेलनातल्या मुलाला त्याची भीती नाही, पण त्याच कापडाची पँट घालून वडिलांनी छावणीच्या गेटाशी जाऊ नये.

बंदूक घ्यायची असेल तर तिच्यावर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे. आमच्या मते बंदूक घरीच ठेवावी, कारण हातात शस्त्र असलं की हाताने सॅल्यूट होत नाही, आणि पोराला स्टेजवर सॅल्यूटच करायचा असतो. तळवा पूर्ण समोर, बोटं जुळलेली, कोपर बाजूला. तळवा खाली वळला तर तो नौदलाचा सॅल्यूट. डोक्यावर टोपी नसेल तर सॅल्यूट करतच नाहीत, सिनेमातले नायक कितीही करोत.

संचात जे मिळत नाही त्याचं आम्हाला जास्त वाईट वाटतं. सॅपर, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातला सैनिक, मिळत नाही. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांना परमवीर चक्र मिळालं ते एप्रिल १९४८मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर शत्रूच्या माऱ्यात सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिल्याबद्दल. कारवारकडचा हा माणूस पुढे पुण्यात राहिला. मुलींसाठीही तोच कमांडो. लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर लष्करातल्या डॉक्टर, नंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. त्यांच्यासारखं व्हायचं म्हणणाऱ्या मुलीला या दुकानांत काहीच सापडणार नाही.

म्हणून वेळ असेल तर संच घेऊच नका. ५८ इंच पन्ह्याचं साधं ऑलिव्ह ग्रीन टेरिकॉट दोन मीटर घ्या, आठ वर्षांच्या मुलाला शर्ट-पँट दोन्ही होतात. शिंप्याला दोन झाकणाचे खिसे आणि खांद्यावर पट्ट्या सांगा, आणि कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी टाका, कारण त्या आठवड्यात त्यांच्याकडे रांग असते. बाहीच्या फिती कच्च्या टाक्याने लावा. कार्यक्रम झाला की फिती काढून ठेवा, मग तोच शर्ट रोज घालता येतो.