आठ महिने, एक दुर्बीण आणि फार्नची बेटं

एप्रिलमध्ये घेतलेल्या ८ बाय ४२ (आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ४२ मिमी) दुर्बिणीबद्दल लिहायचं राहूनच गेलं होतं. इंग्लंडात न्यूकॅसलला राहतो, तिथून सीहाउसेस हे किनाऱ्यावरचं छोटं बंदर गाडीने तास-सव्वातास. सकाळी क्रॅस्टरला गाडी लावून डन्स्टनबराच्या पडक्या किल्ल्यापर्यंत चालत जायचं (गावात धुरावलेल्या हेरिंगचा वास, आमच्या घरात यावरून दोन गट आहेत), दुपारी सीहाउसेसहून फार्न बेटांची बोट. आतापर्यंत चार वेळा केलं.

दुकानात १०ची (दहापट मोठं दाखवणारी) दुर्बीण डोळ्याला लावली की भारी वाटते. बोटीवर तिचा उपयोग नाही. चित्र जितकं मोठं, तितकीच हाताची थरथर मोठी. मित्राकडे १०ची आहे. समोर पाणकावळा आहे की खडक, यावर आमचा वाद व्हायचा. शिवाय ८मध्ये जास्त परिसर मावतो. पफिन हा छोटा समुद्रपक्षी मिनिटाला ४००च्या आसपास पंख मारत पाण्यालगत सुसाट जातो, तो अरुंद चौकटीत सापडतच नाही.

जूनमध्ये त्यातल्या इनर फार्न बेटावर उतरलो तेव्हा मात्र दुर्बीण गळ्यात नुसती लोंबत राहिली. आर्क्टिक सुरय (टर्न) पक्षी पायवाटेच्या कडेलाच अंडी घालतात आणि जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर चोच मारतात. अंटार्क्टिकाकडून इतक्या लांब आलेला पक्षी, पण त्याला माझी टोपी सहन होईना. टोपी जाड न्या.

खरी कमाई नोव्हेंबरात. ग्रे सीलची पिल्लं तेव्हा जन्मतात, बोटीतूनच बघायची. एक आई कुशीवर पडून पुढच्या परानं (वल्ह्यासारख्या पायानं) पोट खाजवत होती. परावरची नखं एकेक मोजता येत होती. शेजारचं पांढरं पिल्लू कापसाच्या उशीसारखं, आणि तेवढंच मळलेलं.

देखभालीचं: काचेवर उडालेलं खारं पाणी वाळलं की मिठाचे कण उरतात, कोरड्या फडक्याने पुसलंत तर चरे पडतील. आधी गोड्या पाण्याने धुवा. दुर्बीण जलरोधक आहे, आत नायट्रोजन भरलाय, त्यामुळे गाडीच्या उबेत आल्यावर वाफ धरली तरी फक्त बाहेरून.

तक्रार एकच. मला चष्मा आहे, त्यामुळे डोळ्याकडचे रबरी कप पूर्ण खाली फिरवून वापरतो. उजवा कप सहाव्या महिन्यात सैल पडला आणि आता स्वतःहून वर येतो. विक्रेत्याला दोन ईमेल झाल्या, उत्तर नाही. तूर्तास काळी टेप गुंडाळली आहे.