लोकरीचं तोरण आणि उंबरठ्याचं स्टिकर, अकरा महिन्यांनंतर

२०२४ च्या दसऱ्याला तुळशीबागेतून लोकरीचं विणलेलं तोरण घेतलं, साडेचारशेला, आणि तिथेच पुढे एका स्टॉलवरून उंबरठ्यावर चिकटवायचं लक्ष्मीच्या पावलांचं स्टिकर. आता यंदाचे गणपती झाले, घरी पाहुण्यांची ये-जा भरपूर असते, त्यामुळे दोन्हींची नीट परीक्षा झालीये.

स्टिकरबद्दल आधी सांगते, घेऊ नका. रोजच्या फरशी पुसण्यात महिन्याभरात कडा सुटल्या आणि त्याखाली धूळ जाऊन काळी रेघ दिसायला लागली. पण मला जास्त खटकलं ते दुसरंच, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सासूबाई म्हणाल्या, "अगं, येणाऱ्या प्रत्येकीचा पाय पावलांवर पडतोय." खरंच होतं ते, बायका पाय उचलून, बिचकत आत येत होत्या. दुसऱ्या दिवशी काढलं, चिकट राहिलेलं खोबरेल तेल लावून, अर्धा तास ठेवून पुसलं. तेव्हापासून उंबरठ्याच्या दोन्ही कोपऱ्यांत रोज हाताने छोटी रांगोळी काढते, मधे वाट मोकळी. पाच मिनिटं लागतात.

तोरण मात्र मनापासून आवडलं. पण घेताना मी फक्त रुंदी मोजून गेले होते, चौकट बाहेरून चाळीस इंच, तेवढंच घेतलं, लोंबत्या गोंड्यांची लांबी बघितलीच नाही. ते होते नऊ इंच. आमचं सेफ्टी डोअर बाहेर उघडतं, पहिल्याच दिवशी वरच्या कडीत एक गोंडा अडकला आणि दार ओढल्यावर टाका उसवला. समोरच्या काकूंनी बघितलं, त्या स्वतः क्रोशाचं करतात, त्यांनी सगळे गोंडे सोडवून पाच इंचांवर परत बांधून दिले, खाली एक एक बारीक घुंगरू. आता दार उघडलं की आत स्वयंपाकघरात कळतं कुणी आलंय. चिकटवायचे हुक भिंतीच्या डिस्टेंपरवर दोनदा रंगासकट निघून आले, शेवटी लाकडी चौकटीत तीन छोटे पितळी हुक बसवले. मधला हुक हवाच, नाहीतर महिन्याभरात मधे झोळ पडतो.

धुण्याचं: दोन वेळा धुतलं, कोमट पाण्यात लिक्विड सोप, न पिळता टॉवेलवर आडवं पसरून. दोरीवर ओलं टांगलं की ताणून लांब होतं. पहिल्या धुण्यात लाल लोकरीचा रंग शेजारच्या पांढऱ्या फुलांवर उतरला, अजून गुलाबी आहेत ती, म्हणून लाल-पांढरं शेजारी असलेलं घेणार असाल तर दुकानातच ओल्या रुमालाने लाल भाग चोळून बघा.

सणाला ताजं लागतंच हो, ते सोडलेलं नाही. आंब्याची पानं आणि झेंडू त्याच हुकांवर वरून बांधते, दोन-तीन दिवसांत पानं वळली की काढून टाकते आणि दार ओकंबोकं दिसत नाही, हा मला सगळ्यात मोठा फायदा वाटतो. दिवाळीत मंडईबाहेरून भाताच्या लोंब्यांचं तोरणही आणलं होतं, तेही खूप सुंदर, पण पॅसेजच्या खिडकीतून चिमण्या यायच्या आणि आठ दिवसांत नुसत्या काड्या उरल्या. ते आता मुद्दाम बाल्कनीत लावणार.

गणपती आणताना मूर्ती दिरांच्या हातात होती, ते सहा फूट उंच, डोक्यावर टोपी. दारात थांबले, सासूबाईंनी पायावर दूध-पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, मी औक्षण केलं, आणि ते मान जराही न वाकवता सरळ आत आले, टोपीच्या वर दोन बोटं जागा होती. नऊ इंचाचे गोंडे असते तर नक्की टोपीला लागले असते.

आता आईकडे शनिवार पेठेत एक द्यायचंय. तिथली चौकट जुनी, ठेंगणी, गोंड्यांचं चालणारच नाही, त्यामुळे तीन इंचांची सपाट विणलेली पट्टी काकूंना सांगितलीये, लाल लोकर आधीच धुऊन घेऊन.