हर्शी बेअर्सचा सामना: कुठे बसाल, काय बघाल

पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीला येणारी बहुतेक मराठी कुटुंबं चॉकलेट वर्ल्डमध्ये फिरतात, पिशव्या भरतात आणि न्यू जर्सीच्या वाटेला लागतात. शेजारीच जायंट सेंटर हे बर्फाच्या मैदानाचं स्टेडियम आहे. ऑक्टोबर ते एप्रिलच्या दरम्यान गेलात, तर तिथला आइस हॉकीचा सामना चुकवू नका. एनएचएलच्या, म्हणजे इथल्या सर्वात वरच्या हॉकी लीगच्या मानाने तिकीट बरंच स्वस्त आहे. जागा साधारण 10,500, त्यामुळे वरच्या रांगेतूनही जर्सीवरचे आकडे वाचता येतात.

हर्शी बेअर्स हा अमेरिकन हॉकी लीगमधला, म्हणजे एनएचएलच्या एक पायरी खालचा संघ. 1938 पासून तो या लीगमध्ये आहे आणि त्याने 13 वेळा कॅल्डर कप, म्हणजे लीगचं विजेतेपद जिंकलं आहे. एवढे विजय दुसऱ्या कुणाच्याच नावावर नाहीत. 2005 पासून तो वॉशिंग्टन कॅपिटल्स या एनएचएल संघाशी जोडलेला आहे. हे नातं समजलं नाही, तर सामना अर्धाच दिसतो. चांगला खेळणारा मुलगा पुढच्या आठवड्यात इथे नसतो. वॉशिंग्टन गाडीने जेमतेम दोन-सव्वादोन तासांवर. तिथे कुणी जखमी झालं की सकाळी फोन येतो आणि संध्याकाळी हर्शीचा खेळाडू एनएचएलच्या बर्फावर उतरतो. खाली साउथ कॅरोलायना स्टिंगरेज हा ईसीएचएलचा, म्हणजे आणखी एक पायरी खालच्या लीगचा संघ आहे. हर्शीत जागा रिकामी झाली की तिथला एखादा खेळाडू वर येतो.

म्हणून नाव छापलेली जर्सी घेताना दहा वेळा विचार करा. वीस-एकवीस वर्षांच्या होतकरू खेळाडूचं नाव घ्याल, तर हंगाम संपायच्या आत तो वर गेलेला असेल किंवा दुसऱ्या संघाला दिलेला असेल. कोरी जर्सी घ्या, नाहीतर जुन्या, मुरलेल्या खेळाडूची.

अशा मुरलेल्या खेळाडूंची संख्या मात्र नियमाने बांधलेली असते. गोलरक्षक सोडून 18 जण खेळतात. त्यांतले 13 'विकसनशील' गटातले लागतात. त्या 13 पैकी 12 जणांचे हंगामाच्या सुरुवातीला 260 हून जास्त व्यावसायिक सामने झालेले चालत नाहीत, तेराव्याला 320 पर्यंत सवलत आहे. म्हणजे अनुभवी माणसांना जागा फक्त पाच. सहावा कितीही फॉर्मात आणि धडधाकट असला, तरी बाहेर बसतो. सामन्याआधी संघयादी बघा. वगळलेल्यांमध्ये तिशीचा खेळाडू दिसला, तर तो दुखापतग्रस्तच असेल असं धरून चालू नका.

पैशाची दरीही मोठी. 2025-26 मध्ये एनएचएलचा किमान पगार वर्षाला 7 लाख 75 हजार डॉलर होता. पहिल्या दुहेरी करारावरच्या (वर खेळताना एक पगार, खाली खेळताना दुसरा) मुलाला खाली खेळताना एक लाखाच्या आतलाच दर मिळतो. हिशोब दिवसावर चालतो, त्यामुळे वर काढलेला एक आठवडासुद्धा खालच्या दोन महिन्यांइतका भरतो. तिसऱ्या म्हणजे शेवटच्या पिरियडला दोन गोलांनी मागे असतानाही पोरं वेगात येणाऱ्या पकसमोर (रबरी चकतीसमोर) अंग का टाकतात, ते यावरून कळेल.

माइक व्हेचियोनीचं उदाहरण घ्या. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएल संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, त्याला कुणी निवडलं नाही. एनएचएलचे दोन सामने मिळाले, दोन्ही 2017 मध्ये. पण 21 जून 2023 रोजी कोचेला व्हॅली संघाविरुद्ध अंतिम फेरीच्या सातव्या, निर्णायक सामन्यात हर्शी 0-2 ने मागे होतं, तिथून ते 2-2 वर आलं आणि ओव्हरटाइममध्ये कप जिंकून देणारा गोल याच माणसाने केला. रणजी वर्षानुवर्षं पाहिलेल्या वाचकाला भारतीय संघात कधीच न खेळलेला अमोल मुजुमदार आठवेल. अशी कारकीर्द अपुरी मानायला आम्ही तयार नाही.

आता जागा. काचेलगतच्या पहिल्या दोन-तीन रांगा सरावापुरत्या चांगल्या. सामन्यात तिथून लांबच्या कोपऱ्यातला पक दिसत नाही. दहावी ते अठरावी रांग घ्या, आणि हर्शी पहिल्या व तिसऱ्या पिरियडला ज्या टोकावर हल्ला करतं त्या बाजूची. दुसऱ्या पिरियडला बाजू बदलतात. तेव्हा तेच टोक हर्शीला राखावं लागतं आणि बदली खेळाडूंचा बाक तिथून लांब पडतो. एरवी खेळाडू 40-45 सेकंदांत बदलतात. या पिरियडला पक आपल्या भागातून बाहेर काढता आला नाही, तर बचावपटू दीड मिनिट अडकतात, पाय जड होतात आणि गोल बसतो. कोणता तरुण बचावपटू अशा वेळी घाई न करता पक कडेच्या काचेला घासत बाहेर काढतो, ते बघा. वर जाण्याची शक्यता त्याचीच जास्त.

दिवस निवडताना शनिवार धरा. वेळापत्रकात शुक्र-शनि-रवि असे सलग तीन सामने आले, तर रविवारी पाय थकलेले असतात आणि बहुधा दुसरा गोलरक्षक उभा असतो. टेडी बेअर फेकण्याचा सामना मुलांसाठी जरूर बघा. 5 जानेवारी 2025 ला तब्बल 1,02,343 बाहुले बर्फावर पडले, आणि ते सगळे दान केले जातात. मात्र हर्शीच्या पहिल्या गोलनंतर ते उचलेपर्यंत खेळ बराच वेळ थांबतो, खेळाडूंचे स्नायू थंड पडतात. हॉकी समजून घ्यायला हा दिवस नव्हे.

जाकीट न्याच, बर्फाजवळ तासाभरात गारठा चढतो. शाकाहारी लोकांनी जेवून जावं, तिथे फ्राइज, प्रेट्झेल यांच्यावरच भागवावं लागेल. सामना सुरू व्हायच्या चाळीस मिनिटं आधी पोचा म्हणजे सराव पूर्ण बघता येईल. गाडी बाहेर पडायच्या फाटकाजवळ लावा, कारण सामना सुटल्यावर हजारो गाड्या एकदमच निघतात.