सुरीच्या पात्यावरचा काळा थर काढायला: रिमूव्हर की वॉटर पेपर?

थर रंगाचा असेल तर पेंट रिमूव्हर सोपा. जाडसर लावा, १५-२० मिनिटांत रंग फुगतो, मग लाकडी पट्टीने खरवडा. पात्याचं पोलाद झिजत नाही. पण रिमूव्हर सहन करणारे हातमोजे हवेतच आणि काम उघड्यावर करा. त्याचा वास बंद खोलीत घातक. प्लॅस्टिकच्या मुठीला थेंब लागला तर ती विरघळू शकते. डीएलसीसारख्या (हिऱ्यासारख्या कार्बनच्या) कठीण थरावर मात्र रिमूव्हरचा काडीचाही उपयोग नाही.

वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) कोल्हापूरच्या उद्यमनगरात सहज मिळतो. आधी धारेवर चिकटपट्टी लावा, पातं फळीवर क्लॅम्पने आवळा. २२० नंबरने सुरुवात, मग ४००, ६००, १००० (नंबर मोठा तितका कागद बारीक). कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळा. नुसत्या बोटांनी घासलं तर पृष्ठभाग लाटालाटांचा होतो. प्रत्येक नंबरला दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे उरलेत का ते दिसतं. बहुतेकजण २२० वरच घाई करतात आणि १००० ला पस्तावतात.

रिमूव्हरनंतरही पातं खरबरीतच निघतं, त्यामुळे चकाकी हवी तर कागद सुटत नाही. कार्बन स्टील असेल तर लगेच तेलाचा हात फिरवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघडं पातं रात्रीत तांबूस होतं.