नदीपलीकडची खोली: हंपीत पावसाळ्यात चालणारी फसवणूक

पाठीवर सॅक टाकून ऐन पावसात हंपी बघायला निघालेल्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहितेय. तुंगभद्रेच्या पलीकडे विरुपापूर गड्डीत राहायला खोली देतो असं सांगून माझ्याकडून आणि माझ्या मावसबहिणीकडून ४,८०० रुपये उकळले गेले. ती खोली अस्तित्वातच नव्हती. हा प्रकार पावसाळ्यातच इतका बिनबोभाट का चालतो, हे उलगडलं तेव्हा पैसे गेल्यापेक्षा जास्त संताप त्याचा आला.

इन्स्टाग्रामवरच्या एका पानावर गवताने शाकारलेल्या झोपड्या, समोर भातखाचरं आणि नदीपार विरूपाक्ष मंदिराचं गोपूर असे सुंदर फोटो होते. फोनवरचा माणूस अतिशय अदबीने बोलायचा. निम्मी रक्कम आधी मागितली. निघायच्या आदल्या दिवशी म्हणाला, पावसात थोड्याच खोल्या चालू ठेवतो, उरलेले पैसे टाका म्हणजे तुमची पक्की राहील. नकाशावरची खूणही पाठवली. यूपीआयवर पैसे जाताना जे नाव दिसलं ते त्याने सांगितलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणे, भावाचं खातं आहे.

होस्पेटला उतरलो तेव्हा पाऊस कोसळत होता. एसटीसारख्याच लाल बसने हंपी गाठली, विरूपाक्षाच्या बाजूने घाटावर उतरलो. नदी मातकट, काठोकाठ, मध्ये भोवरे. होड्या वर ओढून दोरांनी बांधलेल्या. त्याला फोन लावला. “मॅडम, आज सकाळीच पाणी सोडलं. होडी बंद. माझ्या हातात काय आहे? नैसर्गिक आपत्तीत पैसे परत मिळत नाहीत.” वर मदतीचा आव असा की, “तुम्ही भिजताय, माझा माणूस पाठवतो, अलीकडच्या काठावर दुसऱ्या लॉजमध्ये सोय करेल, रात्रीचे फक्त १,८०० द्या.” थोड्याच वेळात निळा रेनकोट घातलेला एक तरुण हजर. इतक्या लगेच तो आला, तेव्हाच कुठेतरी पाणी मुरतंय असं बहिणीला वाटलं.

बांधलेल्या होड्यांपाशी ताडपत्रीखाली एक वयस्क नावाडी बसला होता. तिने त्याला फोनवरचे फोटो दाखवले. त्याने फोन हातात घेतला, ओल्या अंगठ्याने एक फोटो मोठा केला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, “अक्का, हे तर लॉकडाऊनच्या वर्षी पाडलं. आता तिथे काही नाही.” होड्या आज बंद झाल्या का, असं विचारल्यावर तर त्याला नवलच वाटलं. धरणाचे दरवाजे उघडून कितीतरी दिवस झाले होते, तेव्हापासून एकही होडी पाण्यात गेली नव्हती. म्हणजे आमच्याकडून उरलेली रक्कम घेतली त्या दिवशीही नदी ओलांडणं शक्य नव्हतं, आणि त्या माणसाला ते ठाऊक होतं. मी रेनकोटवाल्याकडे वळले तर तो केव्हाच सटकला होता.

आता यातली मेख सांगते. विरुपापूर गड्डी हे नदीच्या पात्रांमध्ये सापडलेलं बेट. एके काळी तिथे परदेशी पाहुण्यांची आणि बॅकपॅकर लोकांची झोपडीवजा हॉटेलं भरपूर होती. वारसा क्षेत्रातली ती बांधकामं बेकायदा ठरली, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ती पाडली गेली. फोटो मात्र इंटरनेटवर तसेच राहिले. हेच फोटो वापरून एखाद्याने उन्हाळ्यात खोली विकली, तर गिऱ्हाईक पाच मिनिटांत होडीने पलीकडे जाईल आणि बोंब ठोकेल. पावसाळ्यात तसं होत नाही. होस्पेटजवळच्या तुंगभद्रा धरणातून पाणी सोडलं की हंपीतल्या होड्या बंद होतात. पाहुणा अलीकडच्या काठावर उभा राहतो, फुगलेली नदी डोळ्यांनी बघतो, आपलं नशीब म्हणतो आणि निमूटपणे दुसरीकडे राहतो. जागा आहे की नाही, हे तपासायला कोणी जातच नाही. तक्रार कशाची करणार? पुराची?

आम्ही गेलो. दुसऱ्या दिवशी रिक्षा ठरवून बुक्कसागरच्या पुलावरून, आनेगुंदीमार्गे मोठा वळसा घालून त्या खुणेपर्यंत पोहोचलो. भातशेती, मोठाले धोंडे आणि गवतात अर्धा बुडालेला एका खोलीचा जोता. त्याला चिकटून न्हाणीघराच्या निळ्या फरशीचे चार तुकडे होते. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढले. पुढे तक्रारीला तेच कामी आले.

पावसाच्या नावाने खोटं बोलणारा तो एकटाच नव्हता. मंदिराच्या परिसरात एकाने आम्हाला ठामपणे सांगितलं की पुरामुळे सगळी हंपी बंद आहे, माझ्याकडे खास परवानगी आहे, विठ्ठल मंदिरातले सूर देणारे खांबही वाजवून दाखवतो. ते खांब वाजवायला मनाई आहे, परवानगी विकत मिळत नाही. विरूपाक्ष मंदिरात भिंतीवर गोपुराची उलटी सावली दाखवायचे पैसे वेगळे सांगत होता, तेही आभाळ काळंकुट्ट असताना. ती सावली पडायला बाहेर ऊन लागतं.

पाणी चढल्यावर खरोखर काय अडतं, ते माहीत असू द्या. होड्या थांबतात, काठावरचा पुरंदरदास मंडप बुडतो, नदीलगतची पायवाट धोक्याची होते. राजवाड्याचा परिसर, महानवमी दिब्बा, हजारराम मंदिर, १५२८ सालचा उग्र नरसिंह ही ठिकाणं नदीपासून आत आहेत. आम्ही ती भर पावसात निवांत पाहिली. ओल्या ग्रॅनाइटचा रंग असा खुलतो की त्यासाठी पावसातच यावं. भूमिगत शिवमंदिरात मात्र पाणी साचतं, चपला हातात घ्याव्या लागल्या. तिकीट पुरातत्त्व खात्याच्या खिडकीवर मिळतं. ‘पूर पास’ वगैरे काही नसतं.

तक्रारीचं म्हणाल तर जोत्याचे फोटो काढले त्याच संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद केली. पैसे गेल्याबरोबर फोन केला तर ते पुढे सरकण्याआधी खात्यात अडकवता येतात. आमच्या बाबतीत आधीची रक्कम केव्हाच काढून घेतली होती. तक्रार नोंदवताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक) लागतो, तो आणि सगळा संवाद जपून ठेवा. मी तक्रारीला लागले तोवर त्याने स्वतःचे कित्येक मेसेज ‘सर्वांसाठी डिलीट’ केले होते. बहिणीने वेळीच स्क्रीनशॉट घेतले होते म्हणून निभावलं.

पैसे अजून आलेले नाहीत. ते पान नाव बदलून चालू आहे, फोटो तेच. जून ते ऑक्टोबर या काळात कोणी नदीपलीकडची खोली देऊ केली, तर एकच विचारा: होड्या बंद असताना तुमच्याकडे पोहोचायचं कसं? आनेगुंदी, सणापूर या नदीपलीकडच्या गावांतला खरा घरमालक पुलाचा रस्ता लगेच सांगतो, रिक्षावाल्याचा नंबरही देतो. आमच्या माणसाला हा प्रश्न बहिणीने आधीच विचारला होता. त्यावर तो म्हणाला होता, “तुम्ही आधी या तर मॅडम, मग बघू.”