मुशी की गायनॅक्स?

भाचीला कॉलेजच्या प्रकल्पासाठी बुडालेला एक जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओ निवडायचाय. मुशी प्रॉडक्शन की गायनॅक्स, इथे ती अडकलीय.

पैशाचं आधी. मुशी 1961मध्ये चित्रकथाकार ओसामू तेझुकांनी काढला. 1963पासून 'अ‍ॅस्ट्रो बॉय' दर आठवड्याला टीव्हीवर, तोही खर्चापेक्षा कमी दरात विकलेला! तूट खेळणी आणि पात्रं वापरू देण्याच्या परवान्यांतून भरायची, चित्रं कमी काढायची, जुनीच पुन्हा वापरायची. 1973मध्ये दिवाळं. गायनॅक्सचं उलट. ओसाकाच्या हौशी पोरांनी 1984मध्ये कंपनी काढली, ती एका महागड्या चित्रपटासाठी. 1995च्या 'इव्हँजेलियन' या टीव्ही मालिकेने नाव गाजलं, पण घर सावरलं नाही. 1999मध्ये करचुकवेगिरीचं प्रकरण, पुढे थकलेल्या पैशांसाठी हिदेआकी आनोंच्या 'खारा' कंपनीनेच कोर्टात खेचलं. आनो म्हणजे 'इव्हँजेलियन'चे दिग्दर्शक, हे विशेष. 2024मध्ये दिवाळखोरीचा अर्ज.

मागे काय उरलं? इथे दोघं तुल्यबळ. मुशीच्या माणसांतून मॅडहाउस आणि सनराइज हे स्टुडिओ उभे राहिले, गायनॅक्समधून खारा आणि ट्रिगर.

बघण्याची मेहनत मात्र सारखी नाही. 'अ‍ॅस्ट्रो बॉय'चे 193 भाग आहेत, जवळजवळ सगळे कृष्णधवल, 'इव्हँजेलियन'चे 26.

या धंद्यात पैसा आजही इतका तुटपुंजा का, हे शोधायचं असेल तर मुशी घे. कलावंतांची कंपनी कारभारात कशी घसरते हा विषय हवा, किंवा हातात पंधराच दिवस असतील, तर गायनॅक्स. भाचीच्या हातात दहा आहेत.