फेलोशिपचा अर्ज: कागदावरची निवड, मुलाखत की सोडत?

दोन-तीन फेलोशिपच्या मुदती नेमक्या एकाच सुमारास येतात आणि मन लावून लिहिता येतो तो अर्ज एकच. मग बहुतेक जण रक्कम बघतात, देश बघतात, यजमान प्रयोगशाळेचं नाव बघतात आणि ठरवून टाकतात. माझ्या मते त्याआधी बघायची गोष्ट दुसरीच आहे. हा अर्ज वाचणार कोण, त्यातलं किती वाचणार, आणि नाकारला तर आपल्या हातात काय पडणार? ‘तज्ज्ञांच्या समितीमार्फत निवड’ हे वाक्य सगळ्याच माहितीपत्रकांत असतं. आतला कारभार मात्र एकमेकांशी अजिबात जुळत नाही.

पहिला प्रकार पूर्णपणे कागदावरचा. युरोपातली मारी स्क्वोदोव्स्का क्युरी पोस्टडॉक्टरल (म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठीची) फेलोशिप हे त्याचं ठळक उदाहरण. मुलाखत नाही. किमान तीन परीक्षक आपापल्या जागी बसून अर्ज वाचतात, वेगवेगळे गुण देतात आणि मग एकमताचा अहवाल तयार होतो. संशोधनाच्या दर्जाला ५० टक्के, परिणामाला ३० आणि अंमलबजावणीला २० टक्के अशी गुणांची वाटणी असते. अर्जदार आपली सगळी ताकद पहिल्या भागावर लावतात आणि शेवटच्या दोन दिवसांत उरलेले भाग उरकतात. पहिल्या भागात वरचे सगळेच अर्ज भक्कम असतात, त्यामुळे मागे पडायला पुढचे दोन भागच पुरतात. २०२५ च्या फेरीत या फेलोशिपसाठी १७,००० हून जास्त अर्ज आले आणि निवड साधारण दहातल्या एकाची झाली. एवढ्या गर्दीत अर्धा गुणही महाग पडतो.

हा मार्ग कोणाला मानवतो? ज्याची प्रकाशनं बेताची आहेत पण योजना घट्ट विणलेली आहे, त्याला. बोलताना अडखळणाऱ्यालाही. तोटा सरळ आहे: परीक्षकाचा गैरसमज झाला तर तो दूर करायची सोय नाही. परीक्षक तुमच्या विषयाच्या शेजारच्या गल्लीतला असू शकतो, त्यामुळे जे लिहून ठेवलं नाही ते त्याच्यापुरतं अस्तित्वातच नाही. एक गोष्ट मात्र या पद्धतीच्या बाजूने ठामपणे सांगावी लागेल. नकारासोबत लेखी अहवाल मिळतो, कुठल्या निकषावर काय खटकलं ते त्यात असतं. पुढच्या वर्षीच्या अर्जाचा पहिला मसुदा खरं तर तोच.

दुसरा प्रकार समोर बसून बोलण्याचा. युरोपियन रिसर्च कौन्सिलचं स्टार्टिंग ग्रँट हे संशोधन अनुदान तांत्रिकदृष्ट्या फेलोशिप नाही, पण एका व्यक्तीवर पैज लावणाऱ्या निवडीचा तो चांगला नमुना आहे. पहिल्या टप्प्यात पॅनेलचे सदस्य प्रस्तावाचा छोटा भाग आणि बायोडाटा वाचतात. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात तसंच. त्यातून तरलेल्यांचा संपूर्ण प्रस्ताव बाहेरच्या विशेषज्ञांकडे जातो आणि अर्जदाराला मुलाखतीला बोलावलं जातं. म्हणजे चाळणी आधी व्यापक जाण असलेल्या लोकांची आणि मग खोलात शिरणाऱ्यांची. ज्यांचं काम दोन विषयांच्या सीमेवर आहे त्यांना मी हाच प्रकार सुचवेन, कारण ‘हे नक्की कुठल्या विषयात मोडतं?’ या शंकेला कागदावर उत्तर देणं अवघड आणि समोरासमोर तुलनेने सोपं. पण त्या खोलीपर्यंत पोचवतो तो छोटा भागच. तो विशेषज्ञांसाठी लिहिलात, तर त्यांच्यापर्यंत जायची वेळच येत नाही. शिवाय पहिल्या टप्प्यात फारच खालचा ग्रेड मिळाला तर पुढच्या फेऱ्यांत अर्ज करायला बंदी येते, त्यामुळे ‘बघू, टाकून तर ठेवू’ हे धोरण इथे महागात पडतं.

या दोहोंच्या मधलाही एक प्रकार आहे: पॅनेल चर्चा करतं, पण तुमच्या गैरहजेरीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, अर्ज साधारण तीन सदस्यांकडे सविस्तर वाचायला दिला जातो. बाकीचे त्यांची मांडणी ऐकून आपापले गुण देतात. सुरुवातीच्या गुणांत मागे असलेले अर्ज बऱ्याचदा चर्चेलाच येत नाहीत. तेव्हा पॅनेलमध्ये वीस जण आहेत या आकड्यावर भाळू नका. तुमचं भवितव्य त्या तिघांपैकी एकाने तुमची बाजू किती सहज मांडली यावर ठरतं, आणि त्याला मांडायला सोपं जाईल असं पहिलं पान लिहिणं तुमच्या हातात आहे. जानेवारी २०२५ पासून एनआयएचने फेलोशिप तपासण्याचे निकषही बदलले. अर्जदाराची तयारी आणि क्षमता, प्रशिक्षणाची आखणी, आणि संस्थेची व मार्गदर्शकाची बांधिलकी, अशा तीन गोष्टींवर भर आला आणि पदवीचे ग्रेड बाजूला पडले. नामांकित गाइड नसलेल्यांसाठी हा बदल चांगला आहे.

चर्चेने निवड अधिक न्याय्य होते का? इथे पुरावा जरा अस्वस्थ करणारा आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४३ परीक्षकांना एनआयएचचे २५ अर्ज तपासायला दिले होते. एकाच अर्जाला दोन परीक्षकांनी दिलेले गुण एकमेकांशी जेवढे जुळले, तेवढेच दोन वेगळ्या अर्जांचे गुणही जुळत होते! अर्थात ते सगळेच अर्ज पुढे अनुदान मिळालेले, म्हणजे मुळात चांगले होते. चांगल्या-वाईटातला फरक परीक्षकांना कळत असेलही. चांगल्यांतला क्रम मात्र कळत नाही. याच संशोधकांच्या कामातून आणखी एक गोष्ट दिसली. चर्चा झाली की पॅनेलमधल्या सदस्यांचं आपसात एकमत वाढतं, पण दोन वेगळ्या पॅनेलमधला फरक काही कमी होत नाही.

इथूनच तिसरा प्रकार निघतो, सोडतीचा. नाव ऐकून नाक मुरडू नका. सगळे अर्ज डब्यात टाकून चिठ्ठी काढत नाहीत. न्यूझीलंडच्या हेल्थ रिसर्च कौन्सिलने २०१३ पासून एका अनुदान योजनेत पात्र अर्जांतून सोडत सुरू केली. स्विस नॅशनल सायन्स फाउंडेशनने आधी पोस्टडॉक मोबिलिटी फेलोशिपवर प्रयोग केला आणि २०२१ पासून आपल्या सगळ्याच योजनांत ही मुभा ठेवली. तिथे उत्तम अर्ज थेट निवडले जातात, कमकुवत बाद होतात आणि पॅनेलला सीमारेषेवरचे जे अर्ज वेगळे करता येत नाहीत तेवढ्यांपुरतीच चिठ्ठी निघते. जो अर्ज नेहमी ‘चांगला, पण अगदी थोडक्यात हुकलेला’ या गटात अडकतो त्याच्यासाठी हे उत्तम, कारण त्या गटात नाव, संस्था आणि ओळखीपाळखी यांना जो अदृश्य वजनाचा फायदा मिळतो तो इथे संपतो. मात्र चिठ्ठीत हुकलेल्याला सुधारण्यासारखं काहीच सांगता येत नाही, आणि योजनाही थोड्याच.

ओळखीपाळखीचा उल्लेख उगाच केला नाही. स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९५ च्या पोस्टडॉक फेलोशिपचे गुण क्रिस्टीन व्हेन्नेरोस आणि अग्नेस वोल्ड या दोन संशोधिकांनी न्यायालयापर्यंत जाऊन मिळवले आणि १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडले. पुरुषांइतके गुण मिळवायला स्त्रियांना सुमारे अडीचपट काम दाखवावं लागत होतं. त्याहून मासलेवाईक बाब अशी की समितीतल्या कोणाशी संबंध असलेल्या अर्जदारांना जास्त गुण मिळत होते, आणि तेही संबंधित सदस्याने नियमाप्रमाणे स्वतः गुण न देता. गुण वाढवत होते त्याचे सहकारी. म्हणून नियमावलीत ‘सदस्य गुण देणार नाही’ एवढंच लिहिलंय की ‘चर्चेच्या वेळी खोलीबाहेर जाईल’ असंही लिहिलंय, हे बघाच. दुसरं वाक्य असलेली योजना मी आधी निवडेन. नाव झाकून अर्ज वाचणं हा उपाय प्रकल्पांना चालतो. फेलोशिपमध्ये निवडायची असते ती व्यक्तीच, त्यामुळे तिथे तो फार पुढे जात नाही.

आता प्रत्यक्ष ठरवताना. पीएचडी नुकतीच झाली असेल आणि हा पहिलाच मोठा अर्ज असेल, तर लेखी अहवाल देणारी कागदावरची योजना घ्या, निवडीची शक्यता थोडी कमी असली तरी. विषय सीमेवरचा असेल तर मुलाखतीची. दोनदा थोडक्यात हुकला असाल आणि सोडत असलेल्या योजनेला पात्र असाल, तर विचारात वेळ घालवू नका. पुन्हा अर्ज करण्यावर बंदी घालणारी योजना मात्र अर्ज पक्का होईपर्यंत मागे ठेवा.

कुठलीही निवडली तरी मागच्या वर्षांच्या पॅनेलची यादी जाहीर असते का ते शोधा. असल्यास त्यातल्या कोणाला तुमचा विषय लांबून का होईना समजेल, हे पाहून पॅनेल निवडा. एखाद्या प्रतिस्पर्ध्याला परीक्षक नेमू नये अशी विनंती करायची सोय अनेक ठिकाणी अर्जातच असते. ती वापरायला संकोच करू नका, पॅनेलला त्यात काही वावगं वाटत नाही.